फ्रीजचा ताप

गेल्या महिन्यात आमचा फ्रीज रुसला. वर कुल्फी दगडासारखी, आणि खाली दूध नासलेलं! दुधाचं सोडा हो, पण खालच्या कप्प्यात बाबांचं न उघडलेलं इन्सुलिन असतं. त्याला २ ते ८ अंश लागतात.

मेकॅनिक आला, दार उघडून बघितलं आणि म्हणाला, "गॅस गेलाय. त्यापेक्षा नवीनच घ्या." दोन मिनिटांत निदान! मला काही पटेना. गॅस गेला तर कुल्फी गोठली कशी?

इन्सुलिन शेजारच्या काकूंकडे ठेवलं आणि फ्रीज बंद करून दिवसभर दार उघडं टाकलं. चालू केल्यावर आठ दिवस झकास, नवव्या दिवशी परत तेच. म्हणजे गॅस शाबूत! फ्रीजरमागच्या कॉइलवर बर्फ साचून खाली येणारी हवा अडत होती. तो बर्फ हीटर अधूनमधून वितळवतो, आणि कॉइल किती गार आहे ते कळतं एका चिमुकल्या सेन्सरमुळे. प्लग काढून तो सोडवला, बर्फाच्या पाण्यात बुडवून मल्टिमीटर लावला. गारठ्यात त्याचा रोध वाढायला हवा, पण आकडा हलेचना.

सेन्सर बदलला. तेव्हापासून स्वारी शहाण्यासारखी वागतेय.

आपल्याला हल्ली 'बदलून टाका' फार पटकन म्हणता येतं. बदलायला हरकत नाही, पण आधी मोजून तर बघा! बाबा म्हणाले, "नशीब, माझा डॉक्टर रक्त तपासतो. नाहीतर मलाही म्हणाला असता, नवीनच घ्या."

असो. तुमच्या फ्रीजचं काय म्हणणं?