फी जमा, शिकवणी बाकी

आमच्या शेजारच्या घरातली सूनबाई गेली बारा वर्षे आजऱ्यात शिवणाचा क्लास चालवते. सोप्यात चार मशिनी, भिंतीला आरसा आणि कोपऱ्यात अस्तराच्या चिंध्यांचे पोते, एवढाच त्या क्लासचा संसार. आसपासच्या वाड्यांवरच्या मुली एस.टी.ने यायच्या, दोन तास बसायच्या आणि शेवटची गाडी गाठायला पळायच्या. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि मशिनींवर चादरी पडल्या. हात बांधून बसणे काही तिच्या स्वभावात नाही. तिने नवऱ्याचा मोबाइल खिडकीच्या गजाला सुतळीने बांधला, खाली जाजम अंथरले आणि कटोरी ब्लाउजचे कटिंग करून दाखवणारा व्हिडिओ यूट्यूबवर टाकला. बघता बघता गडहिंग्लज, चंदगड, बेळगावकडच्या बायकांचे फोन सुरू झाले. "ताई, मुंढा ओढतोय, काय करू?"

परवा संध्याकाळी ती लॅपटॉप काखेत मारून आमच्याकडे आली. म्हणाली, "काका, जरा बघा की. मी आता स्वतःची वेबसाइट काढतोय. व्हिडिओचा कोर्स विकायचाय." (आमच्याकडच्या बायका 'काढतोय' म्हणतात, हे कोल्हापूरच्या वाचकांना सांगायला नको.)

मी आयुष्यभर बँकेत नोकरी केली आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या. गावाला माझ्या कादंबऱ्यांशी फारसे कर्तव्य नाही. पण सही करण्यापूर्वी कागद वाचून घ्यायचा असला, की लोक अजून माझ्याकडेच येतात. तिलाही वेबसाइट बांधून देणाऱ्याचे कोटेशन दाखवायचे होते.

कोटेशनमध्ये पहिलीच गोष्ट खटकली. वेबसाइटचे नाव, ज्याला डोमेन म्हणतात, ते बांधून देणाऱ्याच्या नावावर नोंदले जाणार होते. मी विचारले, "उद्या घर बांधलेस, तर सात-बारा गवंड्याच्या नावावर करशील का?" डोमेन ही तर पुरती मालकीसुद्धा नव्हे, तो भाडेपट्टा आहे, मुदतीने नूतनीकरण करावे लागते. ज्याच्या नावावर पट्टा, त्याच्या हातात किल्ली. नाव, पैसे जमा करणाऱ्या गेटवेचे खाते, मूळ चित्रीकरण आणि विद्यार्थिनींची यादी या चारही गोष्टी शिकवणारीच्या ताब्यात हव्यात. मग बांधणारा रुसून गेला तरी दुसरा आणता येतो.

स्वतःची वेबसाइट काढण्याचा तिचा विचार मात्र मला पटला. हिशेबच सांगतो. उडेमीसारख्या बाजारपेठेत कोर्स ठेवला आणि बाजारपेठेनेच गिऱ्हाईक आणले, तर शिकवणाऱ्याला ३७ टक्के मिळतात. म्हणजे कोर्स १,२०० रुपयांना गेला तर हातात ४४४. स्वतःच्या वेबसाइटवर कार्डाने भरलेल्या फीतून गेटवे साधारण २ टक्के, म्हणजे २४ रुपये कापून घेतो.  हातात येतात ११७६ रुपये. अर्थात गिऱ्हाईक आपणच शोधायचे आणि वेबसाइटचा खर्चही आपलाच. तरीही ज्या बाईच्या शिकवण्यावर लोकांचा आधीच विश्वास बसला आहे, तिने आपले दुकान परक्याच्या ओट्यावर का मांडावे?

इथवर आमचे जमले. मग तिने वेबसाइटचे पहिले पान उघडून दाखवले. माथ्यावर तांबड्या अंकांत घड्याळ उलटे पळत होते: सवलत संपायला २ तास १४ मिनिटे. त्याखाली मोठ्या अक्षरांत 'फक्त ३ जागा शिल्लक'.

"व्हिडिओला जागा कसल्या गं?"

ती हसली. "ते तयारच येतंय, काका. सगळेच लावतात."

पान बंद करून पुन्हा उघडले, तर घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू. आठवडी बाजारातला भाजीवाला 'शेवटची पाटी' म्हणून ओरडतो, पण निदान त्याची पाटी दिसते तरी. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये अशा १३ फसव्या क्लृप्त्यांची यादी करून त्यांना मनाई केली. खोटी घाई लावणे ही त्यातलीच एक. घड्याळ त्याच संध्याकाळी उतरले. जागांची पाटीही गेली.

पण माझे खरे भांडण घड्याळाशी नव्हते. ती सहज बोलून गेली, "कोर्स सुरू व्हायच्या आधीच ४० जणींनी पैसे भरलेत. ४८,००० मिळाले, काका. एक ओव्हरलॉक मशीन घेतोय आणि बरा कॅमेरा." कोर्स सहा महिन्यांचा, दर आठवड्याला एक असे २४ धडे, शंकांना उत्तरे देण्याचे आश्वासन. त्यातले चारच धडे तयार होते.

मी म्हणालो, "मिळाले नाहीत. ठेवायला आलेत."

हे वाक्य मला फुकट सुचलेले नाही. १९९८ ची गोष्ट. तेव्हा मी कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी शाखेत कर्जाचे काम पाहत होतो. संगणकाच्या क्लासचे पेव फुटले होते. एक तरुण क्लासचालक कर्ज मागायला आला. त्याने वर्षाची फी एकरकमी घेतली होती, पासबुकात चांगली जमा दिसत होती. ती जमा मी उत्पन्न म्हणून धरली आणि शिफारशीवर सही केली. फीचे पैसे फर्निचरमध्ये आणि उद्घाटनात गेले, कर्जाचे पैसे यंत्रांत गेले. दिवाळीपर्यंत शिकवणाऱ्यांचे पगार थकले आणि दाराला कुलूप लागले. आमच्या काउंटरवर मुले आली, त्यांचे बाप आले. एका मच्छीमाराने पावती पुढे केली आणि विचारले, "साहेब, पैसे तुमच्या बँकेत भरले ना आम्ही?" भरले होते, हे खरेच. बँकेने कर्जाच्या वसुलीसाठी यंत्रे ताब्यात घेतली. त्या माणसाच्या हातात पावती तेवढी राहिली. तो क्लासचालक लबाड होता, असे मला आजही वाटत नाही. त्याने देणे हे उत्पन्न समजून खर्च केले. तीच चूक मी केली; आणि मला तर ती न करण्याचाच पगार मिळत होता.

बँकेत पहिल्याच वर्षी शिकवतात, की ठेवीदाराने भरलेली रक्कम ताळेबंदात देणे म्हणून लिहायची. शिकवणीची आगाऊ फीही तशीच. जेवढे शिकवून झाले, तेवढीच कमावली.

हे फक्त सोप्यातल्या क्लासला लागू नाही. बायजूज ही आपल्या देशातली कंपनी, २०११ मध्ये सुरू झाली. २०२२ मध्ये तिचे मोल २२ अब्ज डॉलर सांगत होते. २०२०-२१ चे तिचे हिशेब सप्टेंबर २०२२ मध्ये बाहेर आले, तेव्हा तोटा साडेचार हजार कोटींच्या वर निघाला. कंपनीने त्याचे जे एक कारण सांगितले, ते प्रत्येक क्लासचालकाने वाचावे असे आहे: फीची रक्कम विक्रीच्या दिवशी पूर्ण न धरता कोर्सच्या काळात विभागून धरायची, असा हिशेबाचा बदल झाला होता. जुलै २०२४ मध्ये कंपनी कायदा न्यायाधिकरणाने तिच्याविरुद्ध दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू करण्याचा आदेश दिला. एवढे मोठे घर एकाच वाशामुळे खचत नाही. परदेशी कर्ज होते, भरमसाट खरेदी होती. पण शिकवण्याआधीच कमाई मोजायची सवय किती वरपर्यंत पोचते, ते यातून दिसते.

सूनबाई ऐकून घेणाऱ्यांतली नाही. ती म्हणाली, "तुम्ही पुस्तक विकता, तेव्हा काय वेगळं करता? विकलं की झालं. वाचो न वाचो. माझा व्हिडिओ पण तसाच की!"

कादंबरीकाराला घरात घुसून मारावे तसा हा प्रश्न होता. मी रात्रभर त्यावर विचार केला. पुस्तक हातात पडले की माझे देणे फिटते, हे खरे. पण मी पुस्तक पुस्तकाच्या किमतीला विकतो आणि वाचकाला लेखक करीन असे मलपृष्ठावर छापत नाही. तिनेही चोवीस व्हिडिओ एकदम हवाली करावेत, पुस्तकासारखी किंमत लावावी, तर मला काही म्हणायचे नाही. पण पानावर तिने 'शिकवते' हा शब्द लिहिला आहे. बाराशे रुपये त्या शब्दाचे आहेत.

दाखवण्याची वाण आपल्याकडे नव्हतीच. १५ ऑगस्ट १९८४ ला विद्यापीठ अनुदान आयोगाचे वर्ग दूरदर्शनवर सुरू झाले. त्याच वर्षी पुण्यात बालचित्रवाणी उभी राहिली, मुलांसाठी मराठीतून कार्यक्रम करणारी. २०१७ मध्ये ती बंद झाली. ते कार्यक्रम फुकट होते आणि त्यांचा पडदा मुका होता, म्हणजे त्याला प्रश्न विचारता येत नव्हता. पडद्याने फी घ्यायला सुरुवात केली, की त्याला कानही फुटले पाहिजेत.

नाहीतर काय होते, त्याचेही आकडे आहेत. हार्वर्ड आणि एमआयटी या अमेरिकेतल्या नामांकित विद्यापीठांच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांचा हिशेब २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. २०१७-१८ मध्ये नाव घातलेल्यांपैकी शंभरात जेमतेम तिघांनी अभ्यासक्रम पुरा केला. पैसे भरून प्रमाणपत्राची वाट धरणाऱ्यांतही शंभरात ४६. म्हणजे फी भरलेले निम्म्याहून अधिक वाटेतच बसले. हा धंदा करणाऱ्या पुष्कळांना हे ठाऊक असते, आणि न शिकलेल्याची फी हाच त्यांना निव्वळ नफा वाटतो. तो उंबऱ्यावर बसत नाही, शंका विचारत नाही, पैसेही परत मागत नाही. स्वतःच्याच आळसाला बोल लावून गप्प राहतो. असे हजारो गप्प लोक वाड्यावस्त्यांवर मोबाइल घेऊन बसले आहेत, आणि त्यांत बायका पुष्कळ आहेत. घरखर्चातून बाजूला काढलेले बाराशे रुपये वाया गेले, हे त्या नवऱ्यालाही सांगत नाहीत.

तिने काय केले, ते सांगतो. बँकेत दुसरे बचत खाते उघडले आणि ४८,००० त्यात टाकले. एक धडा सगळ्यांना पोचला आणि त्या आठवड्याच्या शंका मिटल्या, की २,००० रुपये घरच्या खात्यात वळवायचे. चोवीस धड्यांत हिशेब पुरा. कॅमेरा सध्या नाही, खिडकीचा गज अजून शाबूत आहे. वेबसाइटवर साध्या मराठीत लिहिले: पहिल्या दोन धड्यांत पटले नाही तर पूर्ण फी परत, पुढे उरलेल्या धड्यांच्या प्रमाणात. शंकांसाठी फोनची वेळ दिली. आमच्या डोंगराळ भागात मोबाइलची रेंज कधी असते, कधी नसते, म्हणून प्रत्येक धड्याची हलकी प्रतही ठेवली. ओव्हरलॉक मशीन लांबले याचा राग तिने माझ्यावर चार दिवस काढला. त्या चार दिवसांत आमच्याकडे आंबोळ्या आल्या नाहीत.

गेल्या आठवड्यात तिच्याकडे गेलो, तर ती वही घेऊन बसली होती. सहा धडे झाले होते. चाळीसपैकी अकराजणींनी तिसरा धडा उघडलाच नव्हता. ती एकेकीला फोन लावत होती. "ताई, पेपर कटिंग तरी करून बघा. नाही जमलं तर फोटो पाठवा, मी बघतो की."

वसुलीचे फोन मी चौतीस वर्षे केले. देणेकऱ्याने स्वतः फोन करून 'तुमचे येणे घेऊन जा' म्हणताना मी पहिल्यांदाच ऐकत होतो.