झाकलेले तोंड आणि उघडा संशय

चंदगड तालुक्यातील काजूच्या कारखान्यांत बी भाजली जाते तेव्हा तिच्या टरफलातील दाहक तेलाचा धूर नाकाघशास झोंबतो. अशा ठिकाणी काम करणाऱ्या बाईने नाकावरून पदर बांधला, तर त्यात कोणास काही वावगे वाटत नाही. मळणीच्या धुळीत शेतकरी तोंडास टॉवेल गुंडाळतो. कोल्हापुरात दुचाकीवरून जाणारी तरुणी उन्हासाठी ओढणीने सारा चेहरा झाकून घेते. परंतु तीच बाई खोकला झाला म्हणून मुखपट्टी लावून एस. टी.त बसली की शेजारचा उतारू अंग चोरून घेतो. वस्त्र तेच, नजर मात्र बदलते. हा बदल आम्हांस चिंताजनक वाटतो.

याचे मूळ आपल्या मनोवृत्तीत आहे. 'तोंड लपविणे' म्हणजे अपराध, असे आपली भाषाच सांगते. उलट जपानात पडसे झालेल्या माणसाने मुखपट्टी लावणे ही सभ्यता मानली जाते. तेथे ती 1918 च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत सर्वत्र रूढ झाली. मात्र त्याच साथीत अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरात सक्तीविरुद्ध लोक उभे राहिले व 1919 मध्ये त्यांनी मुखपट्टीविरोधी संघच स्थापन केला. फ्रान्सने 2010 मध्ये सार्वजनिक जागी चेहरा झाकण्यास बंदी करणारा कायदा केला आणि 2020 मध्ये त्याच देशाला मुखपट्टीची सक्ती करावी लागली!

तेव्हा ही कल्पना परकी आहे, ही सबब टिकणारी नाही. सूक्ष्म जीवांची हिंसा घडू नये म्हणून स्थानकवासी जैन साधू मुखावर मुहपत्ती बांधतात. आपल्या श्वासाने पवित्र अग्नी दूषित होऊ नये म्हणून पारशी धर्मगुरू मुख झाकतात. दुसऱ्यासाठी तोंड झाकण्याचा संस्कार या भूमीस चांगला परिचित आहे.

दुर्दैवाने 2020 मध्ये मास्क आपल्याकडे आला तो दंडाच्या पावतीसह. चंदगड तालुका 1956 पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता. आजही येथील लोकांचा बेळगावशी नित्याचा व्यवहार आहे. साथीच्या काळात हद्दीवरील नाक्यांनी त्यांना मुखपट्टीची ओळख करून दिली ती सरकारी जाच म्हणून. हनुवटीवर लोंबणारा मास्क पोलीस दिसताच वर चढे. एप्रिल 2022 मध्ये सक्ती उठली आणि सवयही उठली. भयाने लागलेले वळण भय सरताच सुटते, याचा हा पुरावा होय.

परंतु क्षयरोग काही उठून गेलेला नाही. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एकचतुर्थांश भारतात आहेत आणि हा रोग खोकल्यावाटे हवेतूनच पसरतो. रुग्णाने मुखपट्टी लावल्यास घरच्यांचे रक्षण होते. पण ती लावताच गावभर बभ्रा होईल या धास्तीने तो ती टाळतो. म्हणून आमची सूचना अशी की, प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉक्टर, परिचारिका आणि खोकणारा प्रत्येक माणूस यांनी सरसकट मुखपट्टी लावावी, म्हणजे एकट्या रुग्णाकडे बोट दाखविले जाणार नाही. कारखानदारांनीही धुरापासून खरोखर रक्षण करणारी साधने कामगारांस पुरवावीत. पदराने धूर अडत नाही.

सुशिक्षितांनी येथे पुढाकार घ्यावा. पडसे झाले असता त्यांनी निःसंकोच मुखपट्टी लावून कचेरीत जावे. त्यांचे पाहून एखादा क्षयरुग्ण निर्धास्त झाला, तरी ते मोठे लोककार्य ठरेल.