शस्त्रक्रियेनंतर वजन का हलते?

भोपाळच्या पिपलानी वसाहतीतून आमच्या एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्यांचे माहेर आणि सासर दोन्ही वसईकडचे. पतीच्या नोकरीमुळे बिऱ्हाड भोपाळास. पतीची अंतर्गळाची, म्हणजे हर्नियाची, लहानशी शस्त्रक्रिया झाली. त्यापूर्वी त्यांचे वजन ६२ किलो होते. तिसऱ्या दिवशी काट्याने ६४ दाखविले, म्हणून घाबरून त्यांनी रात्रीचे जेवण सोडले. तीन आठवड्यांनी तोच काटा ५९ वर आला. आता सासूबाई डॉक्टरांस दोष देतात, शेजारी वाईट रोगाचे नाव कुजबुजतात, आणि या भगिनीच्या डोळ्यांस झोप नाही. असा प्रसंग आपल्या गावांतील घरांतही येतो; म्हणून हे उत्तर आम्ही सर्वांसाठी लिहीत आहोत.

प्रथम वजन वाढले ते का? दोन दिवसांत दोन किलो चरबी चढत नाही. ते बहुतांशी पाणी असते. शिरेतून सलाइनची एक लिटरची बाटली दिली की एक किलो वजन शरीरात गेले. त्यात मीठही ९ ग्रॅम असते. शिवाय जखम झाली की शरीर तो संकटाचा इशारा समजते. रक्त वाहून गेले तर उपयोगी पडावे म्हणून ते मूत्रपिंडांकरवी पाणी व मीठ राखून ठेवते. जखमेभोवती सूज येते, वेदनाशामक औषधांनी शौचास अवरोध होतो. हे सारे काट्यावर उमटते. दोनचार दिवसांत लघवी मोकळी होऊ लागते आणि हे वजन आपोआप उतरते. त्यासाठी जेवण सोडणे म्हणजे विहिरीचे पाणी वाढले म्हणून कणगीतले भात फेकण्यासारखे आहे.

मग वजन घटते ते का? सुमारे १९३० साली स्कॉटलंडातील ग्लासगो येथे कथबर्टसन नावाच्या संशोधकाने पायाचे हाड मोडलेल्या रोग्यांचा अभ्यास केला. त्यास असे आढळले की, इजा झाल्यावर शरीर केवळ जखमेपुरते नव्हे, तर इतरत्रचेही मांस झिजवू लागते. घराची भिंत पडली की धनी गोठ्याचे वासे काढून ती सावरतो, तसेच हे आहे. लहान शस्त्रक्रियेत ही झीज थोडी असते. परंतु रोगी अंथरुणावरच पडून राहिला आणि पोटभर जेवला नाही, तर ती वाढते. पत्रातील गृहस्थांचे पहिले दोन किलो पाण्याचे होते, ते गेलेच. पुढचे तीन किलो घटण्यास सोडलेले जेवण कारण झाले असावे. तथापि हा आमचा तर्क आहे. तीन किलो ही थोडी घट नव्हे. म्हणून शस्त्रक्रिया जेथे झाली, तेथेच त्यांनी या आठवड्यात दाखवावे, आणि रात्रीचे जेवण मात्र आजपासूनच सुरू करावे.

जेवण कसले असावे? आपल्याकडे आजारी माणसास पेज देतात, नाही तर एकदम तुपातला शिरा. भेटीस येणारे कोणी जिलबीचा पुडा आणतात. गोडाने व तुपाने चरबी वाढते, झिजलेले मांस भरून येत नाही. त्यासाठी प्रथिने हवीत: दर किलो वजनामागे रोज एक ते दीड ग्रॅम. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम मिळतात. १०० ग्रॅम मासळीत २० ग्रॅमच्या आसपास. वसईस बोंबील असेल, भोपाळास रोहू मिळेल. डाळ, दूध, दही तर सर्वत्र आहे. मूत्रपिंडाचा विकार असेल त्याने मात्र डॉक्टरांस विचारूनच घ्यावे. ख्रिस्तसभा आजारी माणसास उपवासाचे बंधन घालीत नाही, तेव्हा त्या कारणानेही कोणी उपाशी राहू नये. डॉक्टरांनी परवानगी देताच घरातल्या घरात थोडे चालावे. चालल्याविना मांस भरत नाही. मात्र अंतर्गळाच्या रोग्याने जड हंडा वा पोते उचलू नये.

वजन करावे ते आठवड्यातून एकदा, त्याच काट्यावर, सकाळी शौचाहून आल्यावर व न्याहारीपूर्वी. इटलीतील पादुआ नगरी संत अंतोनीमुळे आपल्या परिचयाची आहे. तेथील सान्तोरिओ हा वैद्य तराजूला टांगलेल्या खुर्चीत बसून वर्षानुवर्षे स्वतःचे, आपल्या अन्नाचे व मलमूत्राचे वजन करीत असे. १६१४ साली त्याने यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. निरोगी माणसाचेही वजन दिवसभरात सारखे हलते, हे त्याने दाखविले. मग आजाऱ्याचे हलले तर नवल काय?

काही चिन्हे मात्र दुर्लक्षू नयेत. वजन रोज वाढत जाऊन पाय सुजले, धाप लागली किंवा लघवी कमी झाली. एकच पोटरी सुजून दुखू लागली. ताप आला अथवा जखमेतून पू वाहू लागला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. नीट जेवूनही महिनाभर वजन घसरतच राहिले, फार तहान लागून वारंवार लघवी होऊ लागली, किंवा संध्याकाळचा ताप व खोकला टिकून राहिला, तर मधुमेहाची व क्षयाची तपासणी करवून घ्यावी. लाजेने वा शेजाऱ्यांच्या भीतीने ती पुढे ढकलू नये.

याइराच्या मुलीस प्रभूने मृत्यूतून उठविले, तेव्हा आईबापांस त्याने काय सांगितले, ते संत मार्काच्या शुभवर्तमानाच्या ५ व्या अध्यायात आहे. एवढ्या मोठ्या चमत्कारानंतर प्रभूस त्या पोरीच्या जेवणाची आठवण राहिली. चमत्कार त्याने केला, ताट वाढण्याचे काम मात्र घरच्यांकडे सोपविले. आजारी माणसाच्या घरी ते काम आपले आहे.