चूक एकीची, झडती साऱ्याजणींची

पुरुष वैमानिकाचे विमान कोसळले म्हणून ‘पुरुषांना विमान चालवू द्यावे का?’ असा प्रश्न कोणी विचारलेला आपण ऐकला आहे का? वैमानिक बाई असली की मात्र चौकशी अपघाताची न राहता बाईपणाची होते.

२५ ऑक्टोबर १९९४. अमेरिकेतील सॅन दिएगोजवळच्या समुद्रात २९ वर्षांची लेफ्टनंट कारा हल्टग्रीन सरावाच्या उड्डाणात ‘अब्राहम लिंकन’ या विमानवाहू नौकेवर एफ-१४ विमान उतरवत होती. अशा नौकेवरून लढाऊ विमान चालवणारी अमेरिकी नौदलातली ती पहिली स्त्री. शेवटच्या वळणावर विमान मध्यरेषेपलीकडे गेले. ते सावरताना डाव्या इंजिनाने दगा दिला आणि विमान डावीकडे कलंडले. मागे बसलेला सहकारी आसनासकट बाहेर फेकला जाऊन वाचला. अर्ध्या सेकंदाच्या आत तिचेही आसन सुटले. पण तोवर विमान इतके उलटले होते की ती सरळ पाण्यावर आदळली.

लगोलग निनावी फोन आणि फॅक्स सुरू झाले : ती लायकच नव्हती, राजकीय दबावापोटी तिला पास केले! मुलीच्या मृत्यूचे दुःख बाजूला ठेवून आईला तिच्या प्रशिक्षणाच्या नोंदी जगापुढे मांडाव्या लागल्या. कोणत्या मृत मुलाच्या आईकडे कधी गुणपत्रिका मागितली गेली?

एफ-१४ च्या त्या जुन्या इंजिनाचे दुखणे नौदलाला ठाऊक होते. खुद्द नौदल सचिव जॉन लेहमन यांनी १९८४ मध्ये त्यावर जाहीर टीका केली होती. तरी बोट इंजिनाकडे न जाता बाईकडे गेले.

नौदलाच्या एका अहवालाने इंजिनाला दोष दिला, नंतर बाहेर आलेल्या दुसऱ्याने तिच्या चुकाही दाखवल्या. आपण त्या नाकारायचे कारण नाही. बाई चुकत नाही, असा आपला दावा कधीच नव्हता. आपली मागणी साधी आहे : तिची चूक तिच्या एकटीची राहू द्या. पुरुषाला जी मुभा जन्मतः मिळते ती हीच.

भारतीय हवाई दलाने लढाऊ विमानाचे दार स्त्रियांना २०१६ मध्ये उघडले. पण रस्त्यावर स्कूटर घसरली तर आजही ‘बाईच असणार!’ हा शेरा तयार असतो. दार उघडले म्हणजे समानता आली नाही. जिथे पोचण्यासाठी बाईला अचूकच असावे लागते, तिथे ती पाहुणीच असते. आपल्याला पाहुणचार नको, हक्क हवा!