नऊ व्होल्टची अंधश्रद्धा

बेस गिटारचा आवाज आवडेनासा झाला की आपल्याकडची पोरं पहिलं काय करतात? प्रीअँप शोधतात. दोन-तीन वर्षं वाजवलेला स्वस्तातला पॅसिव्ह बेस असतो. त्यात चार-पाच नॉबवाला अ‍ॅक्टिव्ह प्रीअँप बसवायचा, पैसे उरले तर भारीतले पिकअप घ्यायचे, की झाला बेस 'प्रोफेशनल'. पुण्यात मी ज्यांच्यासोबत वाजवतो त्यांच्यात दर दोन-चार महिन्यांनी हा विषय निघतो आणि प्रश्न ठरलेला असतो: कुठला प्रीअँप घेऊ? माझं म्हणणं एवढंच आहे की प्रश्नच उलट्या बाजूनं विचारला जातोय. प्रीअँप ही सगळ्यात शेवटी ठरवायची गोष्ट आहे आणि बहुतेकांवर ती ठरवायची वेळच येत नाही.

पिकअप म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती केसापेक्षा बारीक तांब्याच्या वायरचे हजारो वेढे. वरची तार हलली की वेढ्यांत वीज तयार होते. बारावीचा फॅरेडे, बाकी काही नाही. पण पिकअपला सगळी तार ऐकू येत नाही, त्याच्या डोक्यावरचा तुकडाच ऐकू येतो. ब्रिजपासून लांबीच्या एक-चतुर्थांशावर मोकळ्या तारेचा चौथा हार्मोनिक हलतच नाही. तिथं पिकअप बसवला तर तो हार्मोनिक वायरमध्ये जवळजवळ येणारच नाही. आणि जे वायरमध्ये आलंच नाही ते कुठला प्रीअँप मोठं करणार? शून्याला सोळानं गुणा, नाहीतर सोळाशेनं.

म्हणून पिकअप कुठल्या कंपनीचा यापेक्षा तो कुठे बसलाय हे आधी बघायला हवं. फेंडरचा प्रिसिजन बेस आला १९५१ साली, त्याचा दोन तुकड्यांचा पिकअप १९५७ साली, आणि दोन पिकअपांचा जॅझ बेस १९६० साली. आजचे अर्धेअधिक बेस या दोन आराखड्यांचेच वंशज आहेत. सत्तरच्या दशकात फेंडरनं जॅझ बेसचा मागचा पिकअप साधारण एक सेंटीमीटर ब्रिजकडे सरकवला. त्या एका सेंटीमीटरवरून माणसं आजही तावातावानं भांडतात, आणि बरोबर करतात, कारण फरक ऐकू येतो. तुमचा बेस प्रिसिजन जातीचा असेल आणि तुम्हाला हवा असलेला आवाज जॅझच्या मागच्या पिकअपचा असेल, तर भांडण लाकडातल्या खाचेच्या जागेशी आहे. बॅटरीचा तिथं काही संबंध नाही.

पिकअपच्या खोक्यावर किलोओहमचा आकडा छापलेला असतो आणि तो जितका मोठा तितका पिकअप 'हॉट' असं समजलं जातं. तो फक्त वायरचा रेझिस्टन्स आहे. बारीक वायर वापरली तरी तो वाढतो. आवाजावर त्याहून जास्त परिणाम करतो इंडक्टन्स, आणि तो बऱ्याचदा छापलेलाच नसतो. समजा तो ४ हेन्री आहे. तुमच्या केबलला मीटरमागे साधारण १०० पिकोफॅरड कपॅसिटन्स असतो. सहा मीटरची केबल लावली तर हे दोघं मिळून सुमारे ३२०० हर्ट्झवर एक उंचवटा करतात आणि त्याच्यावरचं सगळं कापत जातात. दहा मीटरची लावली तर उंचवटा २५०० च्या आसपास येतो. म्हणजे 'पिकअप अंधारा आहे' अशी तक्रार करणाऱ्यानं आधी केबल बदलून बघावी. मग तारा बदलाव्यात. मग स्क्रू ड्रायव्हर घेऊन पिकअप दोन मिलिमीटर वर-खाली करावा. यातला शेवटचा उपाय फुकट आहे, त्यामुळे तो कुणी करत नाही.

प्रीअँप दोन कामं करतो. एक, बफर: पिकअप आणि केबल यांना एकमेकांपासून वेगळं ठेवतो. लांब केबल असेल, किंवा छोट्या कार्यक्रमात साउंडवाला बेस थेट मिक्सरच्या लाइन इनपुटमध्ये खुपसणार असेल आणि आवाजाचा चिखल होत असेल, तर हे काम खरंच मोलाचं आहे. अर्थात एक बरा डीआय बॉक्सही तेच करतो, आणि तो पुढच्या बेसलाही चालतो. दुसरं काम ईक्यू. ते तुमच्या अँपवर आहे, मिक्सरवर आहे, लॅपटॉपमध्ये आहे. बेसवरही कशाला हवंय?

'बास वाढवायला,' असं उत्तर येतं. बरं, वाढवा. १२ डेसिबल वाढवले म्हणजे व्होल्टेज चौपट आणि त्या पट्ट्यात अँपकडे मागितलेली पॉवर सोळापट. घरातल्या आठ इंची स्पीकरच्या छोट्या अँपकडे ती आहे कुठे? तो फरफरतो. मग पोरगं म्हणतं, अँप बदलायला हवा. एक खर्च दुसऱ्याला जन्म देतो तो असा.

गुणगुण हा आणखी एक गैरसमज. आपल्याकडे कित्येक घरांत अर्थिंग नावापुरतं असतं. जॅझ बेसचा एकच पिकअप चालू ठेवला की ५० हर्ट्झची भुणभुण सुरू. प्रीअँप ती घालवत नाही, इमानदारीनं मोठी करतो. दोन्ही पिकअप पूर्ण उघडले की त्यांचे उलटे वेढे तिला खोडतात. प्रिसिजनच्या दोन तुकड्यांत हीच सोय १९५७ पासून आहे. भुणभुण हीच तक्रार असेल तर हम-कॅन्सलिंग पिकअप घ्या आणि आतल्या खाचेला तांब्याची पट्टी चिकटवा.

'मग स्टिंगरेचं काय? मार्कस मिलरचं काय?' हा प्रतिवाद मला पाठ आहे, आणि तो रास्त आहे. म्युझिक मॅन स्टिंगरे १९७६ साली आला तोच एक जाड हम्बकर आणि त्याच्यासाठीच आखलेला प्रीअँप घेऊन. तिथं दोन्ही मिळून एकच वाद्य आहे, वरून डकवलेलं काही नाही. मार्कस मिलरच्या १९७७ च्या जॅझ बेसमध्ये रॉजर सॅडोव्स्कीनं प्रीअँप बसवला, पण त्याआधी मिलरचा अंगठा होता आणि त्या अंगठ्याला काय हवंय हे माहीत असलेला कान होता. दुसरीकडे मोटाउनचा जेम्स जेमरसन: एकच पिकअप, पॅसिव्ह, वर्षानुवर्षं न बदललेल्या फ्लॅटवाउंड तारा, थेट रेकॉर्डिंग डेस्कमध्ये. बॅटरी नाही. यातला कोण मागासलेला होता ते सांगा.

आणि आपण हे सगळं ठरवतो कशावर? फोनवर. बेसची मोकळी ई तार ४१ हर्ट्झची. फोनचा स्पीकर काही शे हर्ट्झच्या खाली जवळजवळ मुका असतो. वरचे हार्मोनिक ऐकून मेंदू खालचा सूर स्वतःच भरून काढतो. म्हणजे डेमो व्हिडिओत तुम्ही बेस ऐकतच नाही, त्याची वरची साय ऐकता. त्यात ट्रेबल चढवलेला प्रीअँप जिंकणारच. ते ऐकून पहिल्या-दुसऱ्या पगारातून, कस्टम ड्युटी धरून, बेसच्या किमतीइतकाच प्रीअँप मागवला जातो. महिन्याभरात नवलाई ओसरते, सरावात आवाज पुन्हा तसाच लागतो, आणि आता दोष द्यायला फक्त स्वतःची बोटं उरतात. असे दोन जण मी बेस विकताना पाहिलेत. दोघांचीही बोटं चांगली होती. मला राग येतो तो याचा.

आम्ही कोड लिहिणारे प्रोफाइल न करता ऑप्टिमाइझ करणाऱ्याला हसतो. इथंही तेच करा. बेस कोरडा रेकॉर्ड करा, इंटरफेसच्या इन्स्ट्रुमेंट इनपुटमधून, सगळे नॉब पूर्ण उघडे. बँडच्या गाण्यांत तो बसवताना लॅपटॉपमधल्या फुकटच्या ईक्यूनं काय केलंत ते वहीत लिहा: किती हर्ट्झला, किती डेसिबल. हेडफोन लावून, फोनवर नाही. महिनाभर. दर वेळी ८०० हर्ट्झलाच तीन-चार डेसिबल चढवताय असं दिसलं, तर मिड ८०० ला असलेला प्रीअँप शोधा आणि खुशाल घ्या. दर वेळी आकडे वेगळे आले, तर नऊ व्होल्टची बॅटरी मल्टिमीटरमध्ये घाला आणि केबल तपासा.