‘आपल्या एमआयडीसीत मोठी कंपनी येतेय!’ हा फॉरवर्ड खरा कधी मानायचा?

गेल्या महिन्यात गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज आला, ‘आपल्या एमआयडीसीत मोठी कंपनी येतेय, हजारो नोकऱ्या!’ सोबत फायली हातात धरून हसणाऱ्या लोकांचा फोटो. कंपनी नेमकी कोणती, हे कुणालाच सांगता येईना. एमआयडीसीच्या रस्त्यावरच्या प्लॉटचे भाव मात्र दोन दिवसांत चढले. मग काकांचा फोन आला, “कर्ज काढून दोन गुंठे घेऊन ठेवू का रे?”

मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. काकांना लगेच उत्तर देता आलं नाही, म्हणून शोधाशोध केली. ती तुमच्याही कामाची आहे.

एमओयू म्हणजे कारखाना नाही

फोटोतली फाईल बहुतेक वेळा एमओयूची, म्हणजे सामंजस्य कराराची असते. ‘आमचा विचार आहे’ असं दोघांनी लिहून दिलेलं. त्यात सहसा कुणी कुणाला बांधील नसतं.

फॉक्सकॉन आठवा. ऑगस्ट २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारशी करार झाला. पाच अब्ज डॉलरची गुंतवणूक आणि ५० हजार नोकऱ्यांची घोषणा झाली. जानेवारी २०२० मध्ये तेव्हाचे उद्योगमंत्री सुभाष देसाई यांनी सांगितलं की हा प्रकल्प होणार नाही. नंतर २०२२ मध्ये वेदांता-फॉक्सकॉनचा चिप प्रकल्प तळेगावऐवजी गुजरातला गेला म्हणून केवढा गदारोळ झाला! पण जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉन त्या भागीदारीतून बाहेर पडली. ज्यावरून आपण भांडलो, तो प्रकल्प त्या रूपात तिकडेही उभा राहिला नाही.

मग कंपनी गाव निवडते कशावरून?

आपल्याला वाटतं, सवलत दिली की कंपनी येते. सवलती आहेतच. राज्याच्या प्रोत्साहन योजनेत तालुक्यांचे ए, बी, सी, डी, डी प्लस असे गट आहेत. तालुका जितका मागास, तितका फायदा जास्त. पण तो फायदा शेकडो तालुक्यांना मिळतो. तुमचंच गाव का, याचं उत्तर त्यात नाही.

माझा एक मित्र आमच्या एमआयडीसीत सीएनसी मशीनवर जॉबवर्क करतो. त्याला सबसिडीबद्दल विचारलं तर तो हसला. म्हणाला, “लाइट एक सेकंद जरी गेली तरी मशीन बंद पडतं, चालू जॉब भंगारात. टूल तुटलं तर नवीन आणायला पुण्याला माणूस पाठवायचा. दिवस गेला.” आमच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर स्वस्त आहे, पण अपटाइम नाही. असा सर्व्हर फुकट दिला तरी मी त्यावर ॲप टाकणार नाही.

वाळूजमध्ये काय झालं?

१९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना वाळूजला सुरू झाला. एका मोठ्या कारखान्याला शेकडो सुटे भाग लागतात, त्यामुळे त्याच्या मागोमाग पुरवठादार आले. आज मोठी झालेली एन्ड्युरन्स कंपनीही त्याच वर्षी औरंगाबादला (आताचं छत्रपती संभाजीनगर) छोट्या प्रमाणावर सुरू झाली. पुरवठादार, कुशल कामगार, टूलची दुकानं अशी साखळी तयार झाली की पुढच्या कंपनीला यायला कारण मिळतं.

शेंद्रा-बिडकीनच्या ‘ऑरिक’मध्ये पुढचं पाऊल पडलं. रस्ते, पाणी, वीज, सांडपाण्याची सोय आधी केली आणि मग प्लॉट दिले. २०२४ मध्ये एथर आणि टोयोटा किर्लोस्करने तिथली निवड जाहीर केली, त्यामागे ही तयारी आणि जुनी साखळी दोन्ही आहेत.

प्रत्येक तालुक्याला बजाज मिळणार नाही. पण एमआयडीसीत आधीच असलेल्या पंधरा-वीस छोट्या युनिट्सना अखंड वीज आणि आयटीआयमधून तयार पोरं मिळाली, तर तीच युनिट्स वाढतील. शिवाय बाहेरची कंपनी चौकशीला येते, तेव्हा ती याच लोकांना विचारते, “इथे कसं चाललंय?” माझ्या मित्राचं उत्तर हीच आपल्या गावाची खरी जाहिरात आहे.

फोनवर काय तपासाल?

- कंपनीचं नाव: मेसेजमध्ये नावच नसेल तर तिथेच थांबा.
- शेअर बाजार: कंपनी लिस्टेड असेल तर मोठ्या गुंतवणुकीची माहिती बीएसई किंवा एनएसईला द्यावी लागते. त्यांच्या साइटवर कंपनीच्या नावाने शोधा.
- पर्यावरण मंजुरी: रसायन, सिमेंटसारख्या मोठ्या प्रकल्पांचे अर्ज केंद्राच्या ‘परिवेश’ पोर्टलवर दिसतात.
- जमीन: प्लॉट खरंच दिला गेला का? एमआयडीसीच्या प्रादेशिक कार्यालयात विचारा, गरज पडली तर माहिती अधिकार वापरा. प्लॉट मिळाल्यावरही ठरलेल्या मुदतीत बांधकाम करावं लागतं, नाहीतर तो परत जाऊ शकतो.

काकांसाठी मी हे सगळं करून पाहिलं. मेसेजमध्ये नाव नव्हतं, त्यामुळे पहिल्याच पायरीवर अडकलो. काकांना म्हटलं, “कंपाउंडची भिंत उभी राहू दे, मग बोलू.” ते थोडे नाराज झाले, पण कर्ज काढलं नाही.

तुमच्या ग्रुपवर असा मेसेज आला, तर फॉरवर्ड करण्याआधी एवढंच विचारा, “कोणती कंपनी, कोणता प्लॉट?”