रांगायचं राहून गेलं

आमच्या भागात लेकराचा पहिला प्रवास देवाला नसतो, दीड महिन्याच्या इंजेक्शनला असतो. ओवा-बाळंतशेपाच्या धुरीत सव्वा महिना काढलेलं ते गाठोडं कुंची घालून, गालाला तीट लावून, आजीच्या मांडीवरून ऑटोत आणि ऑटोतून सरकारी दवाखान्याच्या बाकावर पोचतं. बाकावर तशीच आणखी आठ-दहा गाठोडी असतात. शेजारची बाई आधी विचारते, "किती महिन्याचं हाय?" आणि उत्तर पुरतं व्हायच्या आत, "मान धरते काय?"

दीड महिन्याचं लेकरू मान सावरायला नुकतं शिकत असतं, हे तिलाही ठाऊक असतं. पण विचारायचं असतं. ही विचारपूस पुढे वर्ष-दीड वर्ष आमच्या मागे फिरली, आर्वीपासून अकोल्यापर्यंत. लेकराला घेऊन आपण हिंडायला निघालो असं आपल्याला वाटतं. वऱ्हाडात मात्र लेकरू हिंडायला नाही, दाखवायला नेतात. ज्याच्या घरी जाल तो आधी पाणी देतो, मग परीक्षा घेतो.

मुलीचा जन्म आर्वीचा, बायकोच्या माहेरचा. आर्वी वर्धा जिल्ह्यात, आमचं तिवसा अमरावती जिल्ह्यात, आणि मधे वर्धा नदी. एकेकाळी हीच नदी वऱ्हाडची शीव होती. अलीकडे निजामाचा मुलूख, पलीकडे नागपूरकर भोसल्यांचा. माझी आई अजून आर्वीच्या व्याह्यांना "तिकडचे" म्हणते, आणि सासूबाई आमच्या तिखटाला "वऱ्हाडी तिखट" म्हणून नाक मुरडतात. वैशाखात पारा पंचेचाळीसला टेकला होता, म्हणून बायको-लेकीला घ्यायला गेलो तेव्हा परत पहाटेच निघालो. सासूबाईंनी वेशीवर भाकरतुकडा ओवाळून टाकला. कौंडण्यपूरच्या पुलावर आईनं गाडी थांबवायला लावली, नाणं काढलं, लेकरावरून उतरवलं आणि नदीत टाकलं. धार इतकी बारीक होती, की नाणं पाण्यात पडलं का रेतीत, सांगता येत नव्हतं. "नदीले समजते," आई म्हणाली आणि काच वर करून बसली.

कौंडण्यपूर म्हणजे रुक्मिणीचं माहेर. इथून तिची पालखी दर वर्षी पायी पंढरपूरला जाते. ही वारी १५९४ पासूनची सांगतात. म्हणजे चार शतकांहून अधिक काळ इथली लेक दर वर्षी वाजतगाजत सासरी निघते. त्या पहाटे माझी बायकोही सासरीच निघाली होती, फक्त टाळ-मृदंग नव्हते. महिनोन्‌महिन्यांचं माहेरपण संपवून ती खिडकीबाहेर बघत होती आणि कुऱ्हा येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. लेकरू सगळा वेळ झोपलेलं होतं. बाळाचा पहिला मोठा प्रवास म्हणून आम्ही फोटो काढले, पण प्रवास झाला होता तो तिचा.

तिवशाहून गुरुकुंज मोझरी हाकेच्या अंतरावर, नागपूर-अमरावती महामार्गावर. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं निर्वाण ११ ऑक्टोबर १९६८ रोजी दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी झालं. दर वर्षी पुण्यतिथी महोत्सवात त्याच मिनिटाला समाधीसमोर लाखो माणसं मौन पाळतात. भगव्या टोप्यांचा समुद्र, दिवसभर खंजिरी आणि भजनं, आणि मग एकदम सगळं थांबतं. चुळबूळसुद्धा ऐकू येत नाही. आम्ही गेलो तेव्हा मुलगी आठवा महिना ओलांडत होती. तिच्या तोंडून तोवर नुसते स्वर यायचे. अक्षरं जुळून येण्याची घरात सगळे वाट बघत होते. तिनं मुहूर्त धरला तो नेमका त्या मौनाचा. "बाबाबाबाबा," खणखणीत आवाजात, दम न घेता. पुढच्या रांगेतल्या टोप्या मागे वळल्या. मी तिला खांद्यावर टाकून गर्दीतून वाट काढायला लागलो, तर एका म्हाताऱ्या गुरुदेवभक्तानं ओठांवरचं बोट न काढता दुसऱ्या हातानं मला खाली बसवलं. ती बोलत राहिली, मौन चालू राहिलं. नंतर त्या आबाजींनी तिच्या हातात खंजिरी दिली, तर तिनं ती चाटून बघितली.

त्या बाबाबाचा अर्थ "बाबा" असा नव्हता, हे मलाही कळतं. बायकोनं ते लगेच सांगितलंही. पण घरी फोन करताना मी तो तपशील गाळला.

खरी परीक्षा झाली अकोल्याला, दिवाळीत. रस्त्याबद्दल आधी सांगितलं पाहिजे, कारण आमच्या पिढीनं अमरावती ते अकोला हा रस्ता वर्षानुवर्षं कंबर धरून पार केला आहे. जून २०२२ मध्ये याच रस्त्यावर, लोणी ते माना, ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झालं आणि त्याची गिनेस बुकात नोंद झाली. त्या विक्रमाचा सगळ्यात मोठा लाभार्थी कोण, तर मूर्तिजापूरपर्यंत दूध पोटात टिकवून ठेवणारं लेकरू. माझ्या चुलतभावाची पोरं लहान असताना बडनेरा ओलांडलं की टॉवेल काढून ठेवावा लागे.

जठारपेठेत आत्याकडे उतरलो. आत्यानं घरातली आणि शेजारची मिळून दहा-बारा लेकरं हातावर वाढवलेली. पाणी झालं, फराळ झाला, आणि आत्यानं सतरंजी अंथरून मुलीला मधे ठेवलं. समोर थोड्या अंतरावर स्टीलचा चमचा. मुलगी बसल्या जागी एक पाय दुमडून, दुसऱ्यानं रेटा देत, बूड घासत चमच्यापर्यंत गेली.

"रांगत नाई?"

"नाही आत्या, अशीच सरकते."

"रांगल्याशिवाय कोनी चालते काय रे बाप्पा? कंबर कच्ची राह्यली असन. तुले आठव्यात रांगता येत होतं, तुह्या बापाले सातव्यात."

मग ज्याला जो महिना आठवला तो त्यानं सांगितला. आत्याच्या सुनेचं लेकरू नवव्यात उभं राहिलेलं, शेजारणीचं दहाव्यात चालत किराणा दुकानापर्यंत गेलेलं. तीस-चाळीस वर्षांपूर्वीचे महिने लोक असे ठासून सांगतात, की खोटं कसं म्हणावं. बायको गप्प झाली. रात्री तिनं माता-बाल संरक्षण कार्ड पिशवीतून काढलं आणि मोबाइलच्या उजेडात त्यातली चित्रं बघत बसली. कोणत्या वयात हसतं, कधी बसतं, कधी धरून उभं राहतं.

परत आल्यावर मी वाचायला बसलो. जागतिक आरोग्य संघटनेनं २००६ मध्ये यावर एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला आहे. घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका इथली आठशेहून अधिक निरोगी लेकरं महिनोन्‌महिने पाहिली गेली. आपल्याकडची दिल्लीची होती. त्यातून एकेक वय नाही, तर वयाचा पट्टा निघाला. आधाराशिवाय बसणं ३.८ ते ९.२ महिने. एकट्यानं चालणं ८.२ ते १७.६ महिने. म्हणजे एक नवव्या महिन्यात चालतं, दुसरं सतराव्या महिन्यात, आणि दोघांचंही ठीक असतं. मला मोठा दिलासा दिला तो वेगळ्याच आकड्यानं: शंभरातली चारेक लेकरं हात-गुडघ्यांवर कधी रांगलीच नाहीत आणि तरी चालली. अमेरिकेतल्या सीडीसी या सरकारी संस्थेनं तर २०२२ मध्ये आपल्या टप्प्यांच्या यादीतून रांगणं काढूनच टाकलं.

हे मी आईला वाचून दाखवलं. "अमेरिकेत फरशीवर गालिचे असतात, तिथं रांगून करायचं काय," आई म्हणाली.

तरीही डॉक्टरांकडे गेलो, आणि ते आत्यामुळेच. एकच पाय दुमडते, हे आत्याच्या डोळ्यांनी टिपलं होतं. आम्हाला ती नुसती लाडिक लकब वाटायची. लेकरू एकाच बाजूचा हात-पाय वापरत असेल, किंवा काल येत होतं ते आज येईनासं झालं असेल, तर पट्टा वगैरे बघत बसायचं नसतं, लगेच दाखवायचं असतं. डॉक्टरांनी दोन्ही पायांचा जोर बघितला, काखेत धरून उभं केलं. सगळं व्यवस्थित होतं. सरकत प्रवास करणारी लेकरं बरेचदा जरा उशिरा चालतात, एवढं सांगून त्यांनी आम्हाला वाटेला लावलं.

तेव्हापासून कुणी विचारलं की बायको आधी आकडे सांगायची. बसस्थानकावरच्या हिरकणी कक्षातही. तिथे पुरुषांना मज्जाव, त्यामुळे मी बाहेर पिशव्या राखत बसतो आणि आतला निकाल नंतर ऐकतो. एकदा बाहेर आली ती हसतच. आत चांदूर रेल्वेची एक बाई भेटली होती, तिचंही लेकरू रांगलं नव्हतं. दोघींनी आपापल्या सासरच्या माणसांना यथेच्छ नावं ठेवली होती, त्यात मीही असणार. लेकरासाठी रायगडाचा कडा उतरून गेलेल्या हिरकणीचं नाव त्या खोलीला दिलं ते योग्यच आहे.

(जाता जाता: नऊ महिने ते चार वर्षांचं लेकरू दुचाकीवर नेताना त्याला हेल्मेट, चालवणाऱ्याशी जोडणारा पट्टा आणि ताशी ४० किलोमीटरची मर्यादा, असा केंद्राचा नियम २०२२ मध्ये निघाला. तिवशाच्या चौकात तासभर उभे राहा आणि एक तरी असं लेकरू दिसलं तर मला कळवा.)

फाल्गुनात हरभरा सोंगायला मेळघाटातून मजूर येतात. धारणी, चिखलदऱ्याकडची कोरकू कुटुंबं दिवाळीनंतर खाली उतरतात. सोयाबीन, कापूस, हरभरा, जिथे काम मिळेल तिथे. लेकरं सोबतच. आमच्या वावराच्या धुऱ्यावर निंबाला लुगड्याची झोळी बांधलेली होती आणि खाली एक पोरगा चालत होता. धरून नाही, सुटा. ढेकळांतून तोल सावरत बांधावर चढला, पडला, न रडता उठला. त्याच्या आईला विचारलं, किती महिन्यांचा? तिनं विळा थांबवून विचार केला आणि सांगितलं, मागच्या होळीनंतरचा. म्हणजे माझ्या मुलीएवढाच, कदाचित थोडा लहान. कधी चालायला लागला? तिला हा प्रश्नच नीट कळला नाही. लागला, तेव्हा लागला.

कार्ड आहे का, इंजेक्शनं झाली का, हे विचारल्यावर ती म्हणाली, कार्ड गावी आहे. १९९३ मध्ये मेळघाटातले बालमृत्यू राज्यभर गाजले. त्यानंतर योजना आल्या, पथकं आली, बैरागडला डॉ. रवींद्र आणि स्मिता कोल्हे यांच्यासारखी माणसं तर त्याच्या आधीपासून ठाण मांडून आहेत. पण वजनाचा तक्ता भरायला लेकरू गावात असावं लागतं, आणि हे लेकरू जन्मल्यापासून पाच-सहा शिवारं फिरलं होतं. आमच्या मुलीपेक्षा त्याचा प्रवास किती तरी मोठा. दंड बारीक होते, आणि पोटाच्या मानानं जास्तच बारीक. त्याला चमचा दाखवून सतरंजीवर बसवणारी आत्या वाटेत कुठे लागली नव्हती. अकोल्याच्या त्या दिवसानंतर घरात मी आत्यावर बरंच तोंडसुख घेतलं होतं. हरभऱ्याच्या धुऱ्यावर ते थांबलं. गावातल्या अंगणवाडी सेविकेला बोलावलं. तिनं दंडाला फीत लावली, तोंडातल्या तोंडात काही पुटपुटली आणि मायलेकांना सोबत घेऊन गेली. पाच-सहा दिवसांत सोंगणी आटोपली आणि टोळी पुढच्या गावाला गेली.

मुलगी चालली ती सोळाव्या महिन्याच्या डोसाला, दवाखान्यातच. शेजारच्या बाकावरच्या पोराच्या हातात क्रीमचं बिस्कीट होतं. ती आईच्या मांडीवरून उतरली आणि तीन-चार पावलं टाकत सरळ बिस्किटापर्यंत गेली. मी तेव्हा खिडकीशी नोंद करून घेत होतो, त्यामुळे मला दिसली ती फक्त बिस्किटावरून जुंपलेली झटापट. बायको म्हणते, पहिलं पाऊल उजवं होतं. तिथे बसलेली दुसरी बाई म्हणते, डावं.

श्रावणात चिखलदऱ्याला नेलं. भीमकुंडाचं तोंड ढगांनी बांधलेलं, गाविलगडाची भिंत असेल तिथेच असणार, पण दिसली नाही. मुलीला दरीत रस नव्हता. तिला रस रस्त्यावरच्या डबक्यात आणि भाजलेल्या कणसात. चालायला लागून दोन महिने झालेलं लेकरू चढ आला की हात वर करतं आणि कडेवर बसतं, हे मला तिथे कळलं. परतवाड्याचा घाट उतरेपर्यंत माझाच खांदा आखडला.

खाली आल्यावर मोबाइलला रेंज आली आणि आत्याचा फोन आला. चालतानाचा व्हिडिओ तिला केव्हाच पाठवला होता.

"पायला व्हिडिओ. चालते बरी. पाय जरा फेकते, पन होइन ते. अन् बोलते काय?"

म्हटलं, "दोन-तीन शब्द येतात आत्या. आणि त्या अभ्यासात बोलणं मोजलेलंच नाही, नुसतं बसणं-रांगणं-चालणंच आहे."

"नसन मोजलं त् आपून मोजू," आत्या म्हणाली. "दिवाळीले घेऊन ये."